मुंबईजवळ

रॉटरडॅमच्या गोदीत, दुपारी डबा उघडताना
योस्त विचारतो, तुझं गाव नेमकं कुठं?
मी म्हणते, मुंबईजवळ.
सावद्याहून मुंबई म्हणजे रेल्वेची एक अख्खी रात्र,
पण सांगेस्तोवर त्याचं सँडविच संपलेलं असतं.

घरी तुम्ही भारतीय बोलता ना? – बोलतो.
आईशी लेवा, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी,
नळावर भांडताना तिन्ही. हे सांगत नाही.
हत्ती पाहिलायस? – पाहिलाय,
भुसावळला, सर्कशीत.
उन्हाळा कसा असतो?
सत्तेचाळीस म्हटलं की ते मोबाईलवर तपासतात
आणि मग माझ्याकडे बघतात
भट्टीतून काढलेल्या विटेकडे बघावं तसे.

मार्लूस एकदा म्हणाली, तुमच्याकडे केळी होतात?
समोर इक्वाडोरचा कंटेनर उघडा, तेरा अंशांवर.
मी हसले. इतकी, की सुपरवायझर आला.
मग सांगितलं: नानांची पाच हजार खोडं,
घड उतरवताना खांद्यावर चिंध्यांची चुंबळ,
सालाला ओरखडा म्हणजे भाव गेला.
कोण उतरवतं?
मजूर.
ते कळलं. पण कोण?

चॉकलेटं, काकांच्या गुडघ्याचा पट्टा
आणि हा प्रश्न. बॅगेत इतकंच होतं.

डिसेंबर. शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजताहेत,
बडगीत मुसळाची दणदण,
कळण्याच्या पुऱ्यांची परात भरत चाललीय.
वहिनी विचारते, तठी तुले भाकर भेटते का गं?
आत्याला हवंय, गोरे लोक रोज आंघोळ करतात का.
भेटते. करतात.
माझी उत्तरं दोन्ही गावी सारखीच आखूड,
लहान भावाला उतरलेल्या सदऱ्यासारखी.

पलीकडच्या वाफ्यात कोयता वाजत होता.
गेले. नाव विचारलं.
दुरसिंग. पालच्या वर, सातपुड्यात, पाडा आहे.
बायको, दोन पोरं, त्या तिकडच्या झोपडीत.
तीन हंगाम झाले इथं. तुम्ही?
इथलीच, मी म्हणाले.
त्यानं कोयता खाली केला,
माझ्या बुटांपासून वर बघत आला.
कधी दिसल्या नाहीत.
कोणतं गाव तुमचं?

जिभेवर काय आलं माहितीय?
मुंबईजवळ.
तोंड मिटलं आणि त्याच्या मागं दिसणाऱ्या
आमच्या विहिरीकडे नुसतं बोट दाखवलं.
त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

पुढचा घड कापला तसा चीक उडाला, बाहीवर.
पाण्यानं नका चोळू, दुरसिंग म्हणाला,
जायचा नाही तो.
मी तरी चोळला.

सोमवारी गोदीत हाच सदरा असेल अंगात.
हे काय सांडलंय, मार्लूस विचारेल.
तिला आधी त्याचं नाव सांगीन,
नंतर पोरांची.
ती नावं तेवढी
विचारायची राहिली.