दुसऱ्या आवृत्तीसाठी

पहिल्या आवृत्तीत नोंद साडेचार ओळींची:
'शालेय ग्रंथालय इमारत, माझगाव. दगडी, दुमजली.
बांधकाम १९३४. दर्शनी बारा पायऱ्या.'
खाली लेखकाचं नाव नाही,
म्हणजे मीच असणार,
किंवा दीडशे रुपये मानधनावर राबणारा
माझ्यासारखा दुसरा कुणी.

त्रिलोकेकर मॅडमचं पत्र आलं: नोंद वाढवा.
शब्द दोनशे, एकही जास्त नको. विशेषणं टाळा.
आणि पायऱ्या पुन्हा मोजा,
एका वाचकानं कळवलंय, अकराच आहेत.

शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, गेलो.
चढताना अकरा. उतरताना अकरा.
पाचवीतल्या एका मुलीला मोजायला लावलं,
ती म्हणाली, अकरा, त्यातली एक फुटकी.

कपाटात मूळ नकाशा निघाला.
पश्चिमेची भिंत शाबूत, खिडक्या शाबूत,
नेमका जिना वाळवीच्या पोटात.
जमाखर्चाच्या वहीत कुर्ल्याचा दगड, चुना, गूळ,
सागवानी दारं सहा,
'पाथरवट नऊ, रोज चौदा आणे.'
नऊ हा आकडा आहे, नऊ नावं नाहीत.
देणगीदाराचं नाव तीनदा,
एकदा सोनेरी शाईत.

बाहेर सर्वांत खालच्या पायरीवर
इसाक पेणकर बसलेले. निवृत्त शिपाई, वय ब्याऐंशी.
रोज येऊन किल्ली मागतात,
रोज कुणीतरी नवीन नाही म्हणतं.

'बारा,' ते म्हणाले, मी विचारायच्या आत.
'तळाची गेली खाली. दर दोन वर्षांनी डांबर,
रस्ता चढत राहिला,
शाळा आपली आहे तिथंच.
गॅसचे पाइप टाकायला खणलं ना,
तेव्हा दिसली होती दोन दिवस.
मधोमध झिजलेली.
पायांनी नाही हां, चड्ड्यांनी.
पुस्तक परत द्यायला आलेली पोरं
आधी तिथं बसायची,
राहिलेली पानं संपवायची,
मग आत यायची.
मी काय, घंटा जरा उशिरा द्यायचो.'

मी लिहिलं: 'मूळ पायऱ्या बारा;
रस्ता उंचावल्यामुळे एक गाडली गेली.'
मसुदा परत आला. समासात लाल पेन्सिल:
संदर्भ?
मी लिहिलं: इसाक पेणकर यांची माहिती.
परत आला. 'मौखिक. चालणार नाही.'
तिच्या जागी मी असतो तर
मीही हेच लिहिलं असतं, हे खरं.

गॅस कंपनीला पत्र टाकलं.
खोदकामाचे कागद सात वर्षं ठेवतात म्हणे,
नंतर रद्दीत.
महापालिकेनं दुसऱ्या खिडकीवर जायला सांगितलं,
दुसरीनं पहिल्या.

मग तीन शनिवार देवघेवीच्या वह्या.
धुळीनं नाक चोंदलं, चष्म्याची काडी गेली,
आणि १९७१, पान अठ्ठ्याऐंशी,
कुणा बाईंच्या तिरप्या, घाईच्या अक्षरात:
'क्र. ४०२ परत. भिजलेले.
बाराव्या पायरीवर विसरला होता.
दंड वीस पैसे. माफ.'

छापील नाही. पण शाई आहे, तारीख आहे.
या वेळी समासात नुसती बरोबरची खूण.

पेणकरांना सांगितलं.
'माझं नाव घातलं का?'
पायरी घातली, मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली, होकाराची की कसली कळलं नाही,
आणि बुडाखालचा रुमाल सरळ केला.

ती पाचवीतली मुलगी ऐकत होती.
फुटकी चुकवून तिनं रस्त्यावर उडी मारली,
डांबरावर टाच आपटून पाहिली:
'म्हणजे काका, मी आत्ता बारावीत?'

घरी येऊन शब्द मोजले.
एकशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजले, तेवढेच.
दोन शिल्लक आहेत.
पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही.