गाईची बेंबी

सेमोन्कोंगच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता घोड्यांपुरताच उरतो,
तिथल्या अनाथाश्रमात मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते.
पोतंभर माती, बादली, ओली गोणपाटं.
कागदावर माझ्या कामाला ‘कला-उपचार’ म्हटलंय.
मी आपली मडकी करणारी बाई.

मुलं मला माथेबे म्हणतात, थेबेची आई.
आम्हा बासोथोंत बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात.
थेबे सोन्याच्या खाणीत उतरला त्याला अकरा वर्षं झाली.
तो वर आला नाही,
हाक तेवढी आली.

चेलिसोला कुणीतरी दवाखान्याच्या बाकावर ठेवून गेलं,
अंगाभोवती कांबळं, मुठीत कोटाचं पितळी बटण.
तेव्हा चार वर्षांचा होता म्हणतात. आता सात.
त्याच्या नावाचा अर्थ सांत्वन.
कुणाचं, ते सांगायला कुणी मागे राहिलं नाही.

बोलायचा नाही.
लिकेलेली घर बांधायची, बुक्कीनं पाडायची, पुन्हा बांधायची.
चेलिसो फक्त गाई करायचा,
बिनपायांच्या, जमिनीला चिकटलेल्या.
मी म्हटलं, पाय दे की रे तिला.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू पाय दिले की काय होतं
हे मला ठाऊकच नाही.

जूनमध्ये, बर्फाच्या आधी, भट्टी लावली.
भट्टी कसली, खड्डा, त्यावर रचलेल्या गोवऱ्या,
धुरात नाक धरून उभी मुलं.
दुपारी आतून फट्‌ झालं, बंदुकीसारखं.
धाकटी दोघं पळत सुटली.

राख निवल्यावर उकरलं.
वाडगे धड, ससे धड, लिकेलेलीचं घरसुद्धा धड
आणि चेलिसोच्या गाईचे अठरा तुकडे.
त्यांच्यात काळं पडलेलं, वाकलेलं
बटण.
पोटात घालून वरून माती लिंपली होती त्यानं,
थुंकी लावून, गुळगुळीत, फट न ठेवता.

तीस वर्षं भांडी भाजते मी.
हातात घेतल्यावर कळायला हवं होतं.
लहान मुलाची माफी कशी मागतात?
त्याच्यापुढे उकिडवी बसले, एवढंच.

मग तो ओरडला.
माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो म्हणतात,
हा देठाच्याही पलीकडून,
तो जिथून तुटला तिथून.
समोरच्या डोंगरावर मेंढ्यांनी माना वर केल्या.
स्वयंपाकीण पळीसकट दारात येऊन थांबली.
कुणी त्याला गप्प केलं नाही.

सगळं ओरडून झाल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाला,
का फुटली?

तीन वर्षांतला पहिला प्रश्न
आणि मला उत्तर येत होतं!
असं कितीदा होतं?

म्हटलं, आत ओल राहते बाळा. तापली की वाफ होते.
वाफेला वाट नसली की ती भिंत फोडून निघते.
पोटात काही लपवायला हरकत नाही,
फक्त एक भोक ठेवायचं.
कुठे?
गाय तुझी. तू ठरव.

शुक्रवारी त्यानं गवताच्या काडीनं
नव्या गाईच्या पोटाला मधोमध भोक पाडलं.
बेंबी, म्हणाला,
आणि फुंकर मारून आतली माती काढली.

राजधानीहून साहेब आले, तक्ता घेऊन.
प्रगती: अल्प, मध्यम, उत्तम. एकावर खूण करा.
तो अजून अंथरूण ओलं करतो.
फाटकाशी गाडी थांबली की खाटेखाली जातो.
गाईंना पाय दिलेले नाहीत.
मी दोन चौकटींमधल्या रेघेवर खूण केली.
साहेब म्हणाले, असं चालत नाही.
म्हटलं, हो ना.

घरी फळीवर पत्र्याचा डबा आहे,
खाणवाल्यांनी पाठवलेलं थेबेचं सामान.
अकरा वर्षांत उघडला नाही,
अजूनही नाही.
पण त्या रात्री दिव्याच्या उजेडात
झाकणावर खिळा धरला,
आणि दगडानं एकच घाव घातला.