तोंडचा घास

रुमिचाकाच्या पुलावर बावीस वर्षं मी कागद तपासले.
अलीकडे कोलंबिया, पलीकडे इक्वेडोर,
खाली एकच नदी, प्रत्येक काठावर वेगळ्या नावाची.
पळतो तो चोरटा नसतो,
हे पहिल्याच वर्षी कळलं.
चोरटा थांबतो. टोपी काढतो.
"आत्याचा गुडघा कसा आहे, दोन्या रोसाउरा?" विचारतो,
आणि बटाट्यांच्या पोत्यांखाली गॅसच्या टाक्या निजवून
सावकाश निघून जातो.

म्हणून डॉक्टर किन्योनेस
पडद्यावर माझ्या जठराची ओली गुहा दाखवत
म्हणाली, जंतू आहे, बहुधा पन्नास वर्षांचा मुक्काम,
तेव्हा मी आधी विचारलं,
पहारा काय करत होता?

डॉक्टर तुमाकोची, समुद्राकाठची.
बोलताना तिचे अर्धे 'स' गळून पडतात.
पहारा जागाच होता, म्हणाली.
हा आम्लात उतरतो तो अंगाभोवती अमोनियाचा ढग घेऊन,
एक जीव मावेल एवढाच ढग.
मळसूत्रासारखा फिरत बुळबुळीत थरात घुसतो,
थर त्याच्यापुरता पातळ होतो.
ज्या खुणेवर पहारेकरी शिट्टी फुंकतात
ती खूण त्याने केव्हाच घासून टाकलेली.
तुमच्याच पेशींतून चरबी उचलतो,
तिला साखर लावतो, पांघरतो.
वर नक्षी तुमच्याच रक्तगटाची.

म्हणजे आत्याच्या गुडघ्याची चौकशी करतो, मी म्हटलं.
तिला कळलं नाही. तरी हसली.

मग दुखतं कशाने?

पहाऱ्यानेच.
त्याला कोणी दिसत नाही, पण वास येतो,
म्हणून तो अंधारात गोळ्या झाडत राहतो,
वर्षानुवर्षं,
आणि भिंती तुमच्याच.

(आमच्या नाक्यावरही एकदा असंच झालं होतं.
त्या पोराचं नाव मी इथे लिहीत नाही.)

आमच्या किनाऱ्यावरही जवळजवळ प्रत्येकात असतो, ती म्हणाली,
पण आमचा बराचसा मुकाट राहतो.
तुमच्या डोंगरातला नाही राहत.
मग पेन खाली ठेवून तिने विचारलं,
लहानपणी तुम्हाला घास चावून कोण द्यायचं?

मला माझं आठवत नाही.
आठवतो तो धाकटा एव्हेलियो,
आसुफ्रालच्या उतारावरच्या आमच्या घरात, चुलीपुढे.
आई उकडलेला मका तोंडात घोळवायची,
साल थुंकायची,
गर बोटावर घेऊन फुंकर घालायची,
मग त्याच्या ओठांत.
डोंगरावर धुकं, वरच्या तळ्यातून गंधकाचा वास,
आणि बाहेर कुठल्याच बाळाला दात नाहीत.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. पोटानेच गेली.
तिच्या शालीचा वास उडाला.
कॅसेटमधला आवाज मी जपून जपून झिजवला.
उरलेलं जिवंत असं तिचं
हेच,
तिच्या तोंडातून माझ्यात आलेलं,
तिला तिच्या आईकडून,
आणि पहाऱ्याला जे अर्धशतक ओळखता आलं नाही
ते मी नावानिशी ओळखून
चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, मारायचं.

मी मारलं. तोंडात तांब्याची चव घेऊन मारलं.
माझ्या मुलीकडे ते गेलेलं नाही.
तिच्या वेळी आमच्याकडे चमचे आले होते.

दीड महिन्याने पास्तोच्या दवाखान्यात
कोवळ्या वयाच्या तंत्रज्ञाने पिशवी पुढे केली.
फुंका, म्हणाला. जोरात नको,
गरम घासावर घालतात तशी.

मी फुंकर घातली.

चिठ्ठीवर तीन शब्द आले: काही आढळले नाही.
हेच तीन शब्द, पहाटेच्या पाळीत,
ज्या टाक्या मी पाहिल्या होत्या त्यांच्यापुढे
मी माझ्या अक्षरात
कितीदा लिहिले होते.