खाल्ल्या मिठाला

बस त्या टायरवर, सेवेरो. कोकाचा चहा घे आधी,
आणि ती पेटी परत बांध.
पोतोसीहून बसमध्ये मांडीवर घेऊन आलास नवी बॅटरी,
बाळंतिणीचं लेकरू आणावं तशी,
ती मी आज बसवणार नाही.

मार सेल्फ.
ऐकलंस?
घर्र… घर्र… मग थांबते, मग पुन्हा एकदा,
जशी माझी सासू जिना चढते,
पायरीपायरीला कुणाचं तरी नाव घेत.

सकाळी उणे चौदा होतं, खरं आहे.
त्या थंडीत ऑइलची काकवी होते,
पिस्टनलाही अंथरूण सोडवत नाही.
पण दुपारी? टोपी काढली तर टाळू भाजते, तेव्हा?
तेव्हाही अशीच?
मग थंडीवर आळ घेऊ नकोस.

पाटी वाचलीस ना बाहेरची? ओनोरियो कोल्के आणि मुलगा.
मुलगा इकिकेला गेला, बंदरात क्रेन चालवतो.
राहिले मी. पाटी बदलायला रंग लागतो.
आणि ओनोरियो याच दारात तीस वर्षं
सगळ्यांना बॅटरीच विकत राहिला.
लबाड नव्हता रे. मोजायचं माहीत नव्हतं.
दिवा मंद झाला की तेल घाला, एवढंच शिकलेला.
नव्या बॅटरीवर गाडी महिनाभर धावायचीही,
मग तोच माणूस परत यायचा,
बापाला वाटायचं, गिऱ्हाईक जोडलं.

हे मीटर बघ. उभ्या गाडीत बारा पॉइंट सहा.
आता मार.
अकरा पॉइंट सात.
ती वाकतच नाही फारशी!
दमलेली बॅटरी नऊच्या खाली बसते, मटकन.
ही दमलेली नाही.
हिच्याकडे कुणी पोटभर मागतच नाही.

एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरं सेल्फच्या मोटरवर. मार.
शून्य पॉइंट दोन. तांबडी तार प्रामाणिक.
आता काळी. ऋण खुंटी, आणि इंजिनाचं उघडं अंग,
रंग खरवडून. मार. धरून ठेव, धरून ठेव…
एक पॉइंट नऊ.

हात काढ आता.
जवळजवळ दोन व्होल्ट, सेवेरो, वाटेतच कुणी खातंय.

सगळे जाणाऱ्या तारेकडे बघतात.
परत येणारी कुणी बघत नाही,
ती बिचारी सीटखाली, एका बोल्टच्या भरवशावर.
टॉर्च धर. अजून खाली. हा बघ.
हिरवट, वर पांढरं पीठ,
चाटून बघायची गरज नाही, चव तुला माहीत आहे.
फेब्रुवारीत मिठावर घोटाभर पाणी होतं,
तू लामांच्या लशी घेऊन पलीकडे गेलास,
सगळे म्हणाले, सेवेरोने आभाळावरून गाडी चालवली.
आल्यावर धुतलीस?

तेच.
म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
ही इतकं खाल्ली की जागच येईना.

कानस दे. नाही, ती बारीक.
पितळ गुलाबी दिसेपर्यंत घासायचं, वरून थोडं ग्रीस.
वॉशर नवा. आवळ. अजून अर्धा फेरा, बस.

मार.

बघितलंस, कुत्रं कसं उठून पळालं!
पहिल्याच हाकेला.

पैसे? एका वॉशरचे, आणि चहाचे नको.
ती पेटी दुकानदार परत घेणार नाही, मला माहीत आहे तो,
मग घरी ने, पोरीच्या खाटेपाशी बल्ब लाव.
आणि निघताना फार रेस करू नकोस.
बाप आत झोपलाय.
इंजिनाच्या आवाजाने जागा झाला की विचारतो,
बॅटरी बदललीस ना?
मी दरवेळी हो म्हणते.