चौदा नंबरची सीट

सिक्साओलात, पुलाच्या तोंडाशी माझी टपरी.
बसची तिकिटं, लॉटरी, उकडलेली अंडी,
आणि वीज असेल तर झेरॉक्स.
अलीकडे कोस्टा रिका, पलीकडे पनामा.
तिकडचं घड्याळ एक तास पुढे.
नदीला ते कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा नियम नव्वद दिवसांचा होता.
नव्वद भरायच्या आत पाहुण्यानं उठावं,
पूल ओलांडावा, शिक्का घ्यावा,
आणि हवं तर लगेच परत यावं.
लगेच म्हणजे किती, हे कागदावर नव्हतं.
ते लिसांद्रो साहेबाच्या पोटावर होतं:
जेवलेला असला तर तासाभरात,
उपाशी असला तर तीन दिवसांनी या.

आणि परत येताना दाखवायचं
पुढे निघून जाण्याचं तिकीट.
म्हणजे बघा,
आत घ्या म्हणायचं,
आणि जाणार कधी त्याचा पुरावा हातात धरायचा.

ही तिकिटं मी विकायची.
न जाणाऱ्यांना.

त्यातली हानेके. डच बाई,
समुद्राकडच्या गावात होड्या रंगवते,
नखांत कायम निळा रंग.
सहा आठवड्यांसाठी आली होती.
सोळा वर्षं झाली.
सगळी सुट्या पैशांत.
तिच्या पासपोर्टात लिसांद्रो कोपरा शोधायचा,
भरल्या बसमध्ये टेकायला जागा शोधावी तसा.

दर वेळी चौदा नंबर मागायची. खिडकी.
जायचंच नाही तर खिडकी कशाला, मी विचारलं.
म्हणाली, न जाताना तरी नदी दिसू दे.

तिकिटावरची तारीख उजाडायची.
ओविदिओ बस सुरू करून ओरडायचा, चौदा कुठाय?
येईल, म्हणायची मी.
तो पाच मिनिटं थांबायचा आणि शिव्या घालत निघायचा.
पैसे भरलेली जागा
धक्के खात एकटी चांगिनोलाला जायची.

एका सकाळी ब्रिसेइदा आली.
केळीच्या मळ्यातली, ङोबे बाई.
तिला लिसांद्रो शिक्का मारत नाही,
नुसती हनुवटी हलवतो.
कडेवर पोर, अंग भट्टीसारखं तापलेलं,
मुठीत अर्ध्या तिकिटाचे पैसे.
मी म्हटलं, चौदावर बस.
कुणी विचारलं तर नाव सांग, हानेके.
जुन्या पुलावरून बस रिकामी जायची, माणसं पायी.
फळ्यांच्या फटींवरून ती चालत गेली
पुटपुटत: आनेक, आनेक, आनेक.

त्यानंतर हानेकेनं पुष्कळ प्रवास केला.
एकदा दिवस भरलेले असताना.
एकदा पाय मोडून.
एकदा मांडीवर कोंबडा घेऊन,
तो कशासाठी, ते मी विचारलं नाही.

खऱ्या हानेकेला हे मी सांगितलं
दोन अंडी सोलता सोलता.
ती काही बोलली नाही.
पुढच्या खेपेला दोन तिकिटं घेतली, चौदा आणि पंधरा.
पंधरा कुणाला?
नवऱ्याला, म्हणाली.
नवरा तिला कधीच नव्हता.

आता पूल नवा, रुंद, फटी नसलेला.
नव्वदचे एकशेऐंशी झाले.
तिकीट फोनवर निघतं,
साहेबाला दाखवायचं आणि पूल संपायच्या आत रद्द करायचं,
पैसे परत.
हानेके परवा येऊन गेली. फोन खिशातच ठेवला,
लाजल्यासारखी उभी राहिली,
चार अंडी घेतली. ती अंडी खात नाही.

आज ब्रिसेइदा खिडकीशी.
या वेळी धाकटी कडेवर.
हानेके आहे का?

मी वही उघडते.
चौदासमोर एक नाव आहे, खरंखुरं,
तो माणूस सामानासकट रांगेत उभा आहे.
पंधराचंही तेच.
आज न जाणारं कुणी नाही,
म्हणून जागा नाही.

ओविदिओ हॉर्न देतो.
पोरीच्या कपाळावर हात ठेवून बघते.
पलीकडे एव्हाना एक तास उलटून गेलेला.