रकाना

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोटाचे हिशेब लिहिते आहे.
थंडर बे, तलावाकाठचा वृद्धाश्रम, दुसरा मजला, रात्रपाळी.
भिंतीवरच्या तक्त्यात नावं, खोल्या, तारखा,
आणि शेवटचा एक रकाना, ज्याला कुणी नाव देत नाही:
झाली. नाही झाली. थोडी झाली.
तिसऱ्या दिवशी लाल वर्तुळ, आणि सिस्टरला फोन.

माझ्यासाठी रकाना नाही.
असता तर आज सहावा दिवस.

रविवारी मांडीत सुई घेते.
सुई कसली, पेनच ते. टिक् वाजतं
आणि पोटातले कावळे आठवडाभर
कुठल्या तरी गरम देशात निघून जातात.
सतरा किलो गेले. जिन्यावर गुडघे कुरकुरत नाहीत,
भाऊ रेनो म्हणतो, व्हर्ना, तुझी हनुवटी सापडली की!
एवढं मी लोकांना सांगते.
उरलेलं सांगते बाथरूमच्या फरशांना.
एकशे बारा आहेत. एक फुटकी.

डॉक्टर एझेनवांनी आडपडदा ठेवला नाही.
खातेस किती? अर्धं सँडविच.
पितेस किती? कॉफी.
ते हसलेही नाहीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात काय येणार,
आणि जे आहे त्याला पाणी नको?
या महिन्यात डोस वाढवायचा नाही.
पाणी, मग पुन्हा पाणी. जवस. चालणं.
रात्री एक पाकीट पांढरी पूड, तिला चवच नाही,
कुणी काही बोललंच नाही, अशी.
आणि पोट फुगून कळा आल्या, उलट्या झाल्या,
तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इथे यायचं.

वाट बघत बसणं.
मी दुसरं काय करते आहे?

पहाटेचे चार. बाहेर उणे एकतीस.
खोली दोनशे सात. हिल्मा राउतिओ, वय ब्याण्णव,
जन्मभर भूगोल शिकवला,
आता मुलाचं नाव विसरते, नद्या विसरत नाही.
नेहमीसारखं विचारलं, झाली का आज, हिल्मा?
तिनं बघितलं माझ्याकडे. चष्म्याशिवाय, खूप वेळ.
"आणि तुला?"

नवरा होता तेव्हा त्यानंही कधी विचारलं नव्हतं.
म्हटलं, नाही. सहा दिवस.
हे मी मोठ्यानं म्हणाले.

तिनं खण उघडला. कागदी रुमालात
सुके आलुबुखार, न्याहारीतून चोरून ठेवलेले, चौदा,
तिच्या बोटांइतकेच सुरकुतलेले.
म्हणजे हिच्या रकान्यात दर आठवड्याला
लाल वर्तुळ का पडतं, तेही कळलं.
सात तिनं खाल्ले, सात मी. वर कोमट पाणी.
मग तिचा वॉकर आणि माझे रबरी बूट,
मार्गिकेतून इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि प्रत्येक दारापाशी ती एक नदी म्हणायची:
कामिनिस्टिक्विया.
निपिगॉन.
मग एक जी तिला आठवेना, म्हणून आम्ही तिथेच उभ्या राहिलो
मिस्टर हेइकिनेनच्या घोरण्यासमोर.

सहाला तिची झाली. मी लिहिलं.
माझी नाही.

माझी दुसऱ्या दुपारी, पडदे ओढून झोपले होते तेव्हा,
अचानक, विनातक्रार.
फरशा मोजायच्या राहिल्या.

त्या रात्री हिल्माला काही आठवत नव्हतं.
तक्त्याच्या अगदी तळाशी, पेन्सिलीनं,
बारीक अक्षरात मी व्हर्ना लिहिलं. पुढे: झाली.
सकाळपाळीवाल्यांनी खोडेपर्यंत
तीन तास ते तिथे होतं.