फॅमिली रूम

बर्डीवर जायचं कारण घरी ठरलेलं असायचं:
फॉलचा रंग जुळत नाही.
रंग पहिल्याच दुकानात जुळायचा.
उरलेला एक तास आमचा.

मोदी नंबर तीनच्या तोंडाशी ‘उषा भवन’.
खाली पुरुष, विडीचा धूर,
एकाच पेपरची चार टेबलांवर चार पानं,
आणि जिन्यापाशी तेलकट पाटी,
बाणासह: फॅमिली रूम वर आहे.

वर चार कप्पे, चार हिरवे पडदे,
पडद्यांना आधीच्या कुटुंबांनी हात पुसलेले.
खिडकीत कूलर, वाळ्याचा ओला वास.
मे महिना तेवढा खालीच थांबायचा.

नत्थूजी पडदा न हलवता विचारायचे,
काय आणू, बाई?
त्यांचे फक्त पाय दिसायचे,
भेगाळल्या टाचा,
डाव्या अंगठ्याला कायमची एक चिंधी.
आई माझ्याकडे बघायची,
यादी फार मोठी असल्यासारखी,
आणि मग पडद्याला सांगायची,
एक मसाला दोसा. प्लेटा दोन.
सांबार जरा जास्त आणजो, भाऊ.

दोसा मधोमध तोडला
की बटाट्याची भाजी माझ्या बाजूला सरकायची.
मला वाटायचं, भाजीचा स्वभावच तसा आहे.

घरी सगळ्यांच्या शेवटी जेवणारी ही बाई
इथे भराभर जेवायची.
जिना वाजला की घास हातातच.
एकदा शेजारच्या कप्प्यात कोणी खोकलं,
अगदी मोठ्या काकांसारखं.
आम्ही दोघी तोंडातला दोसा न चावता बसून राहिलो,
तिकडेही बशी वाजायची थांबली.
काका नसतीलही.
असतील, तर तेही घरी
काहीतरी वेगळंच सांगून आले असतील.

परतल्यावर पुन्हा जेवायला बसायचं,
भूक असल्यासारखं. हे सगळ्यात कठीण.
पोरीला ऊन लागलं वाटते,
आई आत्याबाईंना सांगायची,
आणि स्वतः दुसरी भाकर मागून घ्यायची.

आता डोक्यावरून मेट्रो जाते.
उषा भवनला रस्त्याच्या बाजूनं सगळी काच,
जिना नाही, पाटी नाही.
वर काय आहे, मी गल्ल्यावर विचारलं.
सिलिंडर, म्हणाला, आन् कांदे.

पोरगा विचारतो, किती जण?
दोघी, आई सांगते, ते मधातलं टेबल.
अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. चष्मा कपाळावर ठेवून
ती मेनू वाचते, पहिल्या ओळीपासून,
किमतींसकट, मोठ्यानं.
चायनीजपाशी थांबते. माझ्याकडे बघते.
पुढे जाते.
दोन मसाला दोसे, म्हणते शेवटी.
सांबार जास्त. आन् घाई नको करजो.

घाई तिलाच नाही.
दारात सात-आठ जण ताटकळलेले,
पोरगा दोनदा पाणी भरून जातो,
एकदा बिल ठेवून जातो,
ती बिलावर वाटी ठेवते.
काचेबाहेरून बोंद्र्यांची सून जाताना दिसते.
आई हात वर करते,
सांबार कोपरापर्यंत ओघळलेलं,
आणि हलवत राहते, ती बघेपर्यंत.

सासू गेली, आत्याबाई गेल्या,
दादांना जाऊन बारा वर्षं झाली.
घरी कुलूप आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये.
तरी ऑटो पंचशील चौक ओलांडतो न ओलांडतो
तोच ती माझ्या कानाशी वाकते.
घरी काय सांगू वं?

मला काही सुचत नाही.
तीच पिशवी उघडून दाखवते.
मी बिल देत होते तेव्हा कधीतरी
ती शेजारच्या दुकानात जाऊन आली होती.
फॉल. मोरपंखी.
तिच्याकडे मोरपंखी साडीच नाही.